मृगापर्यंतचं घर

भाताची झोडणी उरकली आणि त्याच आठवड्यात वहिनींच्या रस्त्याकडच्या खाचरात शहरातली मुलं-मुली पांढऱ्या फक्कीनं रेघा मारायला लागली. मुळशी तालुक्यात शेतात फक्की पडणं ही साधी गोष्ट नाही. आमच्याकडे फक्कीच्या मागून खुंट्या येतात, खुंट्यांच्या मागून तारेचं कुंपण, कुंपणाच्या मागून एक मोठा फलक. फलकावर डोंगर, तळं आणि हसणारं गोरंपान कुटुंब. डोंगर आमचा असतो, तळं धरणाचं असतं, कुटुंब कुठलं असतं ते आजवर कुणाला कळलेलं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. त्याच्या भावांनी आपापले हिस्से केव्हाच विकले आणि ते पिरंगुटला फ्लॅटमध्ये राहायला गेले. वहिनींनी मात्र भरे गावच्या या बाजूची जमीन धरून ठेवली. त्यातही रस्त्याकडचं खाचर त्यांच्या जिवाचं. वरच्या ओढ्याचं पाणी सगळ्यात आधी तिथं उतरतं आणि लावणी सगळ्यात आधी तिथं होते. घरात वर्षभर जो तांदूळ शिजतो, तो त्याच तुकड्यातला.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवून निवृत्त झालो आणि गावी येऊन राहिलो. गावानं मला एकच काम नेमून दिलं आहे. कुणी गोड बोलणारा माणूस आला, की तो खरा की खोटा हे बघून सांगायचं. इतिहास शिकवल्यामुळे गोड बोलणाऱ्यांचा माझा अभ्यास आहे असा लोकांचा समज आहे, आणि तो फारसा चुकीचा नाही.

वहिनींनी मला बोलावून घेतलं.

"भावजी, कालिजातली पोरं हायेत म्हणत्यात. घर बांधायची शर्यत हाय म्हणं, उन्हावर चालणारं. पर ही खरीच पोरं हायेत का कुणी पुढं धाडलीत, ते तेवढं बघा."

"जागा दिली कुणी?"

"तुमच्या पुतण्यानं. मला इचारलं न्हाई, सांगितलं."

पुतण्या म्हणजे वहिनींचा मुलगा. उरवड्याच्या बाजूला एका कारखान्यात सुपरवायझर आहे. माणच्या त्याच्या मित्रांनी आयटीवाल्यांना खोल्या भाड्यानं देऊन गाड्या घेतल्या, तेव्हापासून त्याला भात हे पीक न वाटता अडथळा वाटतो. फक्कीइतकाच मला त्याचा संशय होता.

बोलणी वहिनींच्या पडवीत झाली. मुलांच्या बाजूनं त्यांची कॅप्टन आली होती. लातूरकडची, बारीक चणीची, पायात जाडजूड सेफ्टी बूट. सगळे तिला कॅप्टनच म्हणत, आणि तीही त्या नावाला बिनदिक्कत ओ देत असे. तिच्यासोबत त्यांच्या संस्थेचे संचालक आले होते. त्यांनी चहा येण्याआधी भाषण सुरू केलं आणि चहा निवल्यावर थांबवलं. भाषणात 'शाश्वत' हा शब्द इतक्या वेळा आला की माझे कान टवकारले. शाश्वत म्हणजे कायमचं. सहा-सात महिन्यांत उचलून न्यायच्या घराला हा शब्द कशाला हवा, हे मला कळेना.

वहिनींना शब्दाशी देणंघेणं नव्हतं. "दिवाळीपास्नं वावर मोकळंच असतंय, वापरा," त्या म्हणाल्या. "पर मिरगाच्या आत मला ते रिकामं पायजे. खाली सिमिट टाकायचं न्हाई."

"काकू, सिमेंट एक थेंब नाही," कॅप्टन म्हणाली. "घर लोखंडी पायांवर उभं राहणार. नटबोल्टचं आहे सगळं. परीक्षक बघून गेले की आम्ही सोडवून घेऊन जाणार. फक्त मृग म्हणजे एक्झॅक्टली कधी?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. हिला शाळेत काय शिकवलं, असा तो चेहरा होता.

"जूनचा पहिला आठवडा," मी म्हणालो.

"त्याच्या आधी नेणार," कॅप्टन म्हणाली.

"नेणार म्हंजी तू नेणार, का हे सायेब?"

कॅप्टन क्षणभर संचालकांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी."

मी ते लक्षात ठेवलं. विश्वास ठेवला नाही, फक्त लक्षात ठेवलं.

हिवाळाभर घर वाढत राहिलं. मी रोज चार वाजता चहा पिऊन खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहायचो, आणि हळूहळू गावातली निम्मी रिकामी माणसं तिथं यायला लागली. स्पर्धा अशी होती, की वेगवेगळ्या कॉलेजांनी आपापल्या जागी राहण्याजोगं घर उभं करायचं, ते आठवडाभर नुसत्या उन्हाच्या विजेवर चालवून दाखवायचं, आणि परीक्षक येऊन मार्क देणार. फ्रिज, पंखे, कपड्यांचं मशीन, स्वयंपाक, सगळं. लोखंडी सांगाडा उभा राहिला. मग भिंती आल्या. भिंतींच्या पोटात त्यांनी भाताचा पेंढा दाबून भरला होता, आत गारवा राहावा म्हणून.

"म्हशीच्या तोंडातला घास भितीत कोंबत्यात," आमचे आबा म्हणाले. आबा म्हणजे शेजारच्या शिवारातले म्हातारे, नात्यानं माझे काका. त्यांना पेंढ्याचा राग नव्हता. आपल्याला आधी सुचलं नाही, याचा होता.

प्रत्येक पट्टीवर, प्रत्येक फळीवर पिवळ्या रंगानं आकडे घातलेले होते. मी कॅप्टनला विचारलं, हे कशाला. ती म्हणाली, काका, सोडवताना उलट्या क्रमानं सोडवायचं. मी मान डोलावली आणि बांधावर परत येऊन सगळ्यांना सांगितलं. आबा म्हणाले, "आकडं घातलं म्हंजी नेत्यात व्हय? आमच्या घरावर बी ग्रामपंचायतीनं आकडा घातलाय. कुटं नेलं?"



फेब्रुवारीत छतावर काळ्या तकाकत्या पाट्या चढल्या आणि घर चालू झालं. मुलांनी बांधावरच्या सगळ्यांना आत बोलावून फ्रिजमधलं थंड पाणी दिलं. गावानं ते पाणी प्यालं आणि बाहेर येऊन एकमुखानं ठरवलं, की ही वीज चोरून घेतलेली आहे. खाचराला लागूनच आबांच्या मोटरीची पेटी होती. तिथूनच जमिनीखालून वायर नेली असणार, असं आबांचं म्हणणं. एका दुपारी त्यांनी आपल्याच पेटीतला फ्यूज काढला, खिशात घातला आणि मला घेऊन त्या घराच्या मागच्या भिंतीला कान लावून उभे राहिले.

आत फ्रिज गुरगुरत होता.

"अजून चालूच हाय," आबा म्हणाले.

"मग तुमची वीज नाही घेतलेली."

आबांनी कान दुसऱ्या जागी लावून बघितला. "म्हंजी दुसऱ्या कुणाची घेतल्याय."

इकडे त्यांची मोटर बंद पडल्यामुळे त्यांचा कांदा तसाच कोरडा राहिला. संध्याकाळी घरून विचारणा झाली, तेव्हा आबांनी सोलरवाल्यांनी लाईट ओढली असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळी वाडी तेच सांगत होती. फ्यूज आबांच्या खिशात होता हे मला माहीत होतं. पण संशयाच्या बाबतीत मी माणसांना दुरुस्त करत नाही. कधी कुणाचा खरा निघेल, सांगता येत नाही.

खरी अडचण राबाची आली.

आमच्याकडे भाताची रोपं जिथं टाकायची ती जागा आधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या यांचे थर रचायचे, वर माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवून हळूहळू जळू द्यायचं. हा राब. त्यानं तण मरतं आणि रोप जोमानं येतं. या रोपांनाच तरवा म्हणतात. वहिनींचा राब खाचराच्या वरच्याच तुकड्यात रचलेला होता, म्हणजे त्या घरापासून दगड भिरकावला तर पोचेल इतक्या जवळ. परीक्षकांचा आठवडा आला तो नेमका मे महिन्यात, जेव्हा वहिनींचा राब पेटायचा.

कॅप्टन पडवीत आली आणि उभ्यानंच बोलायला लागली.

"काकू, राख उडून पाट्यांवर बसली तर वीज निम्म्यावर येईल. आमचे मार्क मीटरवर आहेत. आठवडाभर थांबवता येईल का?"

"आन् वळीव पडला तर?" वहिनी म्हणाल्या. "भिजलेला राब पेटत न्हाई. राब न्हाई तर रोप न्हाई. रोप न्हाई तर त्या खाचराचं मी काय करू, तुजं घर बघत बसू?"

पुतण्या तिथंच होता. तो म्हणाला, "आये, हल्ली कोण भाजतं राब? बी टाकलं की येतंय. धूर करून करून आपणच..."

"तू गप. तू कधी तरवा उपटलास?"

मला तेव्हा स्पष्ट दिसत होतं की ही सुरुवात आहे. आज राब नको, उद्या चिखल नको, परवा बेडूक ओरडतात. शहरातून आलेल्या माणसाला गाव हवं असतं, फक्त गावात चाललेलं काही नको असतं. मी तसं म्हणणार होतो, पण कॅप्टन मधेच बोलली.

"भिजू नाही देणार. आमच्याकडे मोठी ताडपत्री आहे. रोज आम्ही झाकू."

वहिनींनी तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. "मी तुज्यासाठी राब थांबिवते. तू माझ्यासाठी वावर मोकळं करायचं. ह्याच्यात सायेब न्हाई, माजा ल्योक न्हाई. तू न् मी."

"हो."

"व्हय म्हण."

"व्हय," कॅप्टन म्हणाली, आणि तिच्या तोंडी तो शब्द इतका विचित्र वाटला की वहिनीसुद्धा हसल्या.

त्या आठवड्यात दोनदा वळीव पडला. दोन्ही वेळा मुलं घर सोडून राबाकडे धावली आणि निळ्या ताडपत्रीची चारी टोकं धरून दगड ठेवत बसली. घराच्या खिडक्या उघड्या राहिल्या, आत पाणी गेलं, तरी. मी हे बांधावरून बघितलं. माझ्या संशयाला त्यामुळे थोडी गैरसोय झाली, पण मी तो सोडला नाही.

परीक्षक आले. त्यांच्यातल्या खादीचा झुळझुळीत कुडता घातलेल्या एका गृहस्थांनी निळ्या ताडपत्रीखालचा ढीग बघून विचारलं, हा लँडस्केप डिझाइनचा भाग आहे का? कॅप्टन काही बोलणार तोच संचालक पुढे झाले आणि म्हणाले, हो, स्थानिक परंपरेशी आमचा संवाद आहे. गृहस्थांनी ढिगाचा फोटो काढला. वहिनी लांबून बघत होत्या. "शेणाचा फोटू कशाला काढतोय त्यो?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, संवाद साधतोय.

परीक्षक गेले त्याच दिवशी वहिनींनी राब पेटवला. धूर सरळ त्या घरावर गेला, आणि आता कुणाची हरकत नव्हती.

घराला बक्षीस मिळालं. पहिलं नाही. समाजाशी नातं जोडल्याबद्दलचं काहीतरी खास. त्यासाठी खाचरातच मांडव घातला गेला, खुर्च्यांना पांढरे झगे आणि मागे सॅटिनच्या गाठी. मी आयुष्यभर सत्कार बघितले आहेत आणि त्यावरून एक गोष्ट शिकलो आहे. ज्याचा सत्कार आधी करतात, त्याच्याकडून काहीतरी जायचं असतं. वहिनींना पहिली शाल दिली तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो.

त्यांच्या हातात नारळ ठेवून फोटो काढून झाल्यावर संचालक माईकपाशी गेले. हे घर इथून हलवणं म्हणजे त्याच्या आत्म्याला धक्का लावणं आहे, असं ते म्हणाले. म्हणून संस्थेनं हे घर गावाला कायमचं अर्पण करायचं ठरवलं आहे, माउलींच्या साक्षीनं. माउली म्हणजे वहिनी. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुतण्यानं सगळ्यात आधी वाजवल्या, त्याला वाक्य संपायच्या आधी कळलं होतं तसं. मी कॅप्टनकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. तिचा चेहरा असा होता, की ही बातमी तिलाही आमच्याबरोबरच कळली आहे. असे चेहरेही शिकवता येतात, म्हणून मी निष्कर्ष काढला नाही.

शिकवायच्या दिवसांत मी पुष्कळ दानपत्रं वाचली. राजे गावं दान देत, देणाऱ्याचं नाव दगडावर कोरलं जाई, आणि त्या जमिनीत राबणाऱ्याला विचारल्याचा उल्लेख मला कुठंच सापडला नाही. आता मांडवात बसून ते डोळ्यांसमोर होताना दिसत होतं.

वहिनींना माईक कुणी दिला नाही. त्या बसल्या जागेवरून बोलल्या, खालच्या आवाजात, पण टाळ्या थांबल्या होत्या.

"गावाला द्यायचं तर द्या की. माझ्या वावरातनं उचला आन् द्या. शाळंम्होरं लई जागा हाय."

संचालक हसले. लहान मुलानं गोड काही बोलल्यावर हसतात तसे. मग आभार मानले गेले आणि पुलाव वाढायला सुरुवात झाली.

नंतरचे दिवस वाईट गेले. घराची किल्ली संचालकांनी पुतण्याच्या हातात दिली होती. गाव म्हणजे शेवटी कुणाच्या तरी हातातली किल्ली, हे मला माहीतच होतं. त्यानं दारात दोन कुंड्या आणून ठेवल्या आणि वेगवेगळ्या बाजूंनी घराचे फोटो काढले. शनिवार-रविवारी ताम्हिणीकडे जाणारी माणसं इथं थांबतील, असं तो म्हणाला. भाताच्या शेतात मधोमध राहायला मिळतंय म्हटल्यावर रांग लागंल.

"आन् भात?" वहिनींनी विचारलं.

"आजूबाजूला लाव की थोडं. दिसायला बरं."

वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "भावजी, तुमी रोज बघत हुता. कुणी फशिवलं मला? पोरांनी का माज्या पोरानं?" मी म्हणालो, अजून सांगता येत नाही. हे खरं होतं, आणि त्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. राबात बी टाकायची वेळ आली होती. बी टाकलं की रोपं वाट बघत नाहीत. लावायला खाचर नसेल तर ती राबातच उभी राहून निबर होतात.

त्यांनी तरीही बी टाकलं.

मृग तोंडावर आला होता. परीक्षा संपलेली मुलं एका सकाळी दोन टेम्पो घेऊन आली. संचालक नव्हते, मांडव नव्हता. प्रत्येकाच्या हातात पान्यांची पिशवी. कॅप्टन आधी पडवीत आली.

"काकू, किल्ली कुणाकडे आहे?"

पुतण्या आतून आला. "ताई, सरांनी दान दिलंय. तुम्हाला न्यायचा अधिकार नाही."

"दादा, सरांचं काय ते सर बघतील. माझं काकूंशी ठरलंय. त्यांनी राब थांबवला होता."

"सरांना फोन लाव मग."

"लावला होता," ती म्हणाली. "ते म्हणाले, हात लावलात तर बघून घेईन. मग मी पिरंगुटच्या पुढे आले आणि रेंज गेली."

आमच्याकडे रेंज खरंच जाते, पण भऱ्यात नाही. मला हसू आलं आणि मी ते दाबलं.

पुतण्या किल्ली द्यायला तयार नव्हता. वहिनी उठल्या, त्याच्यासमोर गेल्या आणि नुसता हात पुढे केला. बराच वेळ तो हात तसाच होता. शेवटी त्यानं खिशातून किल्ली काढली, आईच्या तळहातावर न ठेवता कट्ट्यावर ठेवली आणि मोटरसायकल काढून निघून गेला. वहिनींनी ती उचलून कॅप्टनला दिली.

घर उलट्या क्रमानं सुटत गेलं. आधी पाट्या, मग छत, मग पेंढा भरलेल्या भिंती, मग सांगाडा. आबांसकट आम्ही सगळे बांधावर होतो. शेवटी लोखंडी पाय उपटायची वेळ आली तेव्हा आबा खाली उतरले आणि प्रत्येक खड्ड्यात वाकून बघून आले. वायर नव्हती. तरी त्यांचं समाधान झालं असं दिसलं नाही.

दुसरा टेम्पो भरून झाल्यावर मुलं काठीला लोहचुंबक बांधून खाचरभर फिरली आणि पडलेले स्क्रू, वायसर, खिळे गोळा केले. डब्यात ते खळखळत होते. कॅप्टननं डबा वहिनींना दाखवला आणि सांगितलं, सगळं निघालं.

वहिनींनी डब्यात बघितलं नाही. त्या तिच्या बुटांकडे बघत होत्या.

"त्ये काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बूट. लावणीला बाया अनवाणी उतरत्यात. मी बी उतरते. सगळं निघालं म्हणतीस तर चालून दाव."

मी मध्ये पडणार होतो. माणसाच्या प्रामाणिकपणाची इतकी सरळ परीक्षा घेण्याची मला सवय नव्हती, मी नेहमी लांबून संशय घेत आलो होतो. पण कॅप्टन बांधावर बसली, नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढून बुटात कोंबले आणि खाचरात उतरली. एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत, मग पाऊलभर सरकून परत. नांगरलेल्या ओळीसारखी. उन्हानं तापलेली ढेकळं तिच्या पायाला टोचत होती हे लांबूनही कळत होतं. बाकीची मुलं थोडी घुटमळली, मग एकेक करून बूट काढून तिच्या शेजारच्या ओळींना लागली.

जिथं घराचे पाय होते तिथं कॅप्टन थांबली. वाकली, मातीतून चकाकणारं काहीतरी बारीकसं उचललं, निरखलं, पँटच्या खिशात घातलं आणि पुढे चालू लागली.

वहिनींनी ते बघितलं. कॅप्टननं पूर्ण खाचर संपवेपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग बांधावर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवाल्याला हात केला, आण आत म्हणून.